मदत हवी आहे: फीडरचा लोड बदलण्याआधी पडद्यावर नेमकं काय दाखवावं?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामा खानापूर तालुक्यात सबस्टेशनवर ऑपरेटर आहेत, म्हणून प्रोजेक्टचा विषय त्यांच्याच कामातला घेतलाय. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे तारांवर झाड पडलं की ११ केव्ही फीडर (सबस्टेशनमधून गावांकडे जाणारी लाइन) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. बिघाडाचा तुकडा वेगळा काढल्यावर पलीकडच्या गावांना शेजारच्या फीडरवरून वीज देता येते, पण त्यासाठी मधला जीओएस (तिन्ही तारा एकदम जोडणारा-तोडणारा खांबावरचा स्विच) जोडायचा की नाही हे लगेच ठरवावं लागतं. समोर असतात अँपिअरचे आकडे आणि भिंतीवरचा सिंगल लाइन डायग्राम (जोडण्यांचा एकरेषी नकाशा). बाकी हिशोब डोक्यात.

मला असा पडदा करायचाय की स्विच जोडण्याआधीच जोडल्यानंतरचं चित्र दिसेल. लोड फ्लोचं (कुठल्या लाइनवर किती भार येईल त्याचं) गणित पँडापॉवर या सॉफ्टवेअरमध्ये बसवलंय, ते चालतं. अडलंय ते दाखवण्यात.

पहिली अडचण रंगांची. आपल्याकडे ब्रेकर ऑन म्हणजे लाल, ऑफ म्हणजे हिरवा. तीन फेजांपैकी आर फेजही लाल. त्यात ओव्हरलोडही लालच दाखवला तर नीट चालणारी लाइन आणि तापलेली लाइन एकसारखीच दिसते! रेषेच्या जाडीने लोड दाखवून पाहिला, पण ८० टक्के आणि ९५ टक्के यांतला फरक नजरेत भरत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. बराच वेळ गेलेली वीज परत आली की ऑटो स्टार्टरवरचे शेतीपंप सगळे जवळपास एकदमच सुरू होतात. म्हणजे ट्रिप होण्याआधीचा करंट शेजारच्या फीडरमध्ये मिळवून आलेला आकडा खराच नसतो. शेतीचे फीडर वेगळे झालेत तिथे हा त्रास कमी, पण सगळीकडे ते झालेलं नाही.

हे मला का महत्त्वाचं वाटतं सांगतो. ४ नोव्हेंबर २००६ ला जर्मनीत एम्स नदीवरून जहाज जाणार म्हणून ३८० केव्हीची लाइन बंद केली होती. त्यामुळे लांडेसबेर्गेन-वेहरेनडोर्फ लाइनवर भार वाढला. तो उतरवायला ऑपरेटरांनी सबस्टेशनमधले बसबार (ज्यांवर लाइनी येऊन मिळतात ते जाड वाहक) एकमेकांना जोडले. करंट सुमारे ८० अँपिअरने कमी होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात तो ६७ ने वाढला आणि लाइन ट्रिप झाली. मग एकामागून एक लाइनी ट्रिप होत युरोपातल्या दीड कोटीहून जास्त घरांची वीज गेली. त्या स्विचिंगचा परिणाम आधी गणिताने तपासलेलाच नव्हता.

कुणी असे पडदे केले किंवा वापरले असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद

मी चिकोडी भागात, फीडरवरच काम करतो. लाल-हिरवा फक्त ब्रेकर आणि स्विचसाठी ठेव, लाइन राखाडी काढ. वीजजाळं पडद्यावर कसं दाखवावं यावर संशोधन करणारे थॉमस ओव्हरब्ये यांनी लाइनवर छोटे पाय चार्ट वापरलेत, क्षमतेच्या किती टक्के भरली ते त्यात दिसतं. तेच घे, पण ७० टक्क्यांच्या वर गेलेल्या लाइनवरच काढ आणि शेजारी आकडा लिही. शिफ्टमध्ये कानडी-मराठी दोन्ही लोक असतात, तेव्हा शब्द कमीच बरे.

व्होल्टेजसाठी नकाशावर रंगांचे पट्टे नकोत. आपला फीडर रेडियल (एकाच टोकाकडून वीज मिळणारा), रंग भरला जातो दोन लाइनींमधल्या जंगलात. त्यापेक्षा सबस्टेशनपासूनचं अंतर आडवं आणि व्होल्टेज उभं असा आलेख काढ, त्यावर उणे ९ टक्क्यांची, म्हणजे चालणाऱ्या खालच्या मर्यादेची, रेघ ओढ. टोकाच्या गावाचं काय होणार ते लगेच कळतं.

आणि पडद्यावर सगळं ठीक दिसलं तरी लाइन क्लियर (लाइनवर काम करायला दिलेला परवाना) परत आल्याशिवाय लाइन चार्ज करायची नाही, म्हणजे तीत वीज सोडायची नाही. ती खूण त्याच पडद्यावर, स्विचला चिकटून हवी.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. लाइन क्लियरची खूण माझ्या आराखड्यात नव्हती, आता सगळ्यात आधी तीच घालतो. पंपांच्या लोडसाठी एका आकड्याऐवजी कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा दाखवायचा विचार आहे. त्याची वरची कड ठरवायला फीडर चार्ज केल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांचे करंट लागतील. लॉगबुकात तर तासातासाच्या नोंदी असतात. मीटरमधून यापेक्षा बारीक नोंदी कशा काढायच्या, कुणाला माहीत आहे का?