रेटिंग नऊ आहे, पण कोणाचं?

ओसरी (धागाकर्ता):
अमेरिकेत घर शोधणाऱ्या मित्रासोबत गेले तीन शनिवार हिंडतोय. छप्पर, तळघर, स्वयंपाकघर सगळं नंतर. गडी आधी फोनवर हायस्कूलचं रेटिंग बघतो. दहापैकी नऊ असेल तर गाडीतून उतरायचं, चार असेल तर खिडकीतूनच नमस्कार. परवा एका चारवाल्या सरकारी हायस्कूलचं पान उघडलं, रेटिंगखालचा मुलांच्या वंशाचा गोल तक्ता पाहिला आणि म्हणाला, "कळलं कारण." ते 'कळलं' मला टोचलं.

माझं म्हणणं असं की तो चार शाळेचा नाही, मुलांच्या घरांचा आहे. आई-बापांचं शिक्षण, पगार, सारखं बदलावं लागणारं भाड्याचं घर, हे सगळं परीक्षेच्या गुणांत उतरतं आणि आपण त्याला शाळेची गुणवत्ता म्हणतो. १९६६ च्या कोलमन अहवालात (अमेरिकी सरकारने करवलेला शाळांचा अभ्यास) सहा लाखांवर विद्यार्थ्यांच्या माहितीतून हेच निघालं होतं: गुणांतला फरक इमारत-पुस्तकांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. साठ वर्षं झाली, आपण अजून शीत न चाखता ताट बघूनच भाताची परीक्षा करतोय.

खडूफळा:
असहमत. त्याच अहवालात सोबतच्या मुलांचाही मुलावर मोठा परिणाम होतो असं म्हटलंय, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. मला एकच मुलगी आहे आणि तिला हायस्कूलची चार वर्षं (नववी ते बारावी) एकदाच मिळणार. मी सरासरी नाही, संगत बघतोय. एपी कॅल्क्युलसला (हायस्कूलमध्येच शिकवतात ते कॉलेजच्या पातळीचं गणित) पुरेशी मुलं बसत नसतील तर तो वर्ग निघतच नाही, मग घरची परिस्थिती कितीही समजून घ्या. समाजशास्त्र माझ्या मुलीच्या जिवावर नको.

ओसरी:
गाळलं खरं, मान्य. पण मग शाळा काय शिकवते हे बघायचं तर मूल वर्षागणिक किती पुढे गेलं ते बघा ना. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरचे गुण तपासले तेव्हा शिकागोची मुलं तिसरी ते आठवीच्या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकलेली दिसली. सरासरी मात्र कमीच. तुमच्या मोजपट्टीने ते नापासच.

खडूफळा:
तिसरी ते आठवी! धागा हायस्कूलचा आहे. केंद्राच्या नियमाने तिसरी ते आठवी दर वर्षी परीक्षा असते, हायस्कूलमध्ये मात्र चार वर्षांत एकदाच. एका फोटोवरून उंची किती वाढली ते कसं सांगणार?

ओसरी:
हे बरोबर पकडलंत. इथे माझा मुद्दा लंगडा पडतो.

नववी_ब:
मी अशाच एका चारवाल्या हायस्कूलमध्ये शिकवते, म्हणून जरा लांब लिहिते.

२००२ पासून वंश, गरिबी, इंग्रजी शिकणारे असे गट पाडून गुण जाहीर करावे लागतात. हेतू चांगला होता, सरासरीच्या पदराखाली कोणी झाकलं जाऊ नये. पण खाने कसे आहेत बघा. इंग्रजी शिकणाऱ्यांचा गट घ्या. मूल इंग्रजीत तयार झालं की त्या गटातून बाहेर पडतं आणि त्याच्या जागी नवं मूल येतं, ज्याला काहीच येत नाही. बाहेर पडलेल्यांना काही वर्षं त्यात धरायची मुभा आहे, तरी गट वर जाणार कसा? माझ्याकडे एक मुलगा दहावीच्या मधेच आला, रात्री काम करायचा, पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवणं हीच त्याची परीक्षा. बारावी पास झाला तेव्हा तो त्या खान्यात नव्हताच.

'गरीब' कोण, तर ज्यांना शाळेत फुकट किंवा सवलतीत जेवण मिळतं ते: दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर फुकट, १८५ पर्यंत सवलत. आता बऱ्याच शाळांत फॉर्म न भरता सगळ्यांनाच जेवण मिळतं, म्हणून काही ठिकाणी सरळ १०० टक्के लिहिलेलं दिसतं. तुमचा मित्र ते वाचून घाबरत असेल.

आणि एशियन खाना? आपली इंजिनिअर आई-बापांची मुलं आणि निर्वासित म्हणून आलेल्या कंबोडियन कुटुंबाची नातवंडं एकाच रकान्यात. आपले गुण त्यांची अडचण झाकतात. हे आपल्यात कोणी बोलत नाही.

खडूफळा, हायस्कूलसाठी विचारायचंच असेल तर नववी विचारा. शिकागोच्या अभ्यासात नववीअखेर रुळावर असलेली, म्हणजे मुख्य विषयांत फारशी नापास न होता दहावीत जाणारी, मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट निघाली. आणि एका काउन्सेलरमागे मुलं किती ते विचारा. त्यांच्या संघटनेची शिफारस २५० ची आहे. आमच्याकडे किती ते लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे.

आकडेमोड्या:
एक गणित, आकडे मनाचे. 'अ' शाळेत शंभरात ९० सुस्थितीतली, १० गरीब. पहिल्यातली ८० टक्के पास, दुसऱ्यातली ३०. एकूण ७५. 'ब' शाळेत ३० सुस्थितीतली, ७० गरीब. पास ८५ आणि ४५ टक्के. एकूण ५७. म्हणजे तुमचं मूल कुठल्याही गटातलं असो, 'ब' शाळेत निकाल बरा, आणि रेटिंग मात्र 'अ'ला.

शेवटचा_बाक:
गणित झकास. पण घर विकायला काढाल तेव्हा समोरचा गिऱ्हाईक हे गणित सोडवत बसणार नाही, तो नऊच बघणार.

रविवारची_डुलकी:
तिथेच तर मेख आहे. नऊ म्हणून घर महाग, घर महाग म्हणून प्रॉपर्टी टॅक्स जास्त, टॅक्स जास्त म्हणून शाळेला पैसा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या पालकांनी यावर खटला भरला आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात ५-४ ने हरले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. नंतर काही राज्यांनी आपापल्या न्यायालयांच्या दट्ट्यामुळे सुधारणा केल्या, एवढंच.

खडूफळा:
नववी_ब ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आकडेमोड्या यांचा 'ब' कागदावर आहे, प्रत्यक्षात तो शोधायला मला फक्त हे दोन महिने आहेत. मत बदललेलं नाही. पण नववी आणि काउन्सेलर हे दोन प्रश्न विचारणार, नऊवाल्या शाळेतही.

ओसरी:
ताजी खबर. मित्राने काल नऊवाल्या घरावर ऑफर टाकली. या धाग्याची लिंक त्याला पाठवलीय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.