मुंबईत वायरमनच्या कामाला किती पैसे मिळतात? आपापले अनुभव सांगा

भाचा यंदा दहावी झाला. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड घ्यायचा म्हणतोय. हातात किती पडतं, पुढे वाव कसा, हे काम करणाऱ्यांकडूनच ऐकायचंय.

मुलुंड
आयटीआय, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप. आता एका ऑफिस इमारतीच्या मेंटेनन्सला, कंत्राटदारामार्फत. पगार 21,000. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर जाऊन 18,800 च्या आसपास. दर 11 महिन्यांनी कराराचा कागद नवा होतो, पगार तोच राहतो.

लालबाग
मी शाळा सोडून मामाच्या हाताखाली शिकलो. 2009 ला रोज 150 होता, वायरसाठी भिंतीत झिरी मारायची आणि शिडी धरायची. आज 1,000 रोज घेतो, घराचं पूर्ण वायरिंग असेल तर पॉइंटवर, म्हणजे दर दिवा-पंखा-प्लगमागे ठरवतो. गणपतीआधी महिनाभर उसंत नसते, नंतर कधी कधी आठवडा रिकामा जातो.

मागच्या वर्षी गिरगावात एका चाळीत गीझर लावायला गेलो. सॉकेट उघडलं तर अर्थिंगची, म्हणजे शॉकपासून वाचवणारी हिरवी वायर कापून प्लास्टरमध्ये दाबलेली. मालक म्हणाले, "दिवा लागतोय ना, मग कशाला खर्च?" घरात दोन लहान पोरं. मी म्हटलं, काका, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घेतल्याशिवाय मी हात लावत नाही. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून सामान मीच आणलं, मजुरी कमी केली. तरी ते माझ्यावर चिडलेच.

परवाना नाही, हे मात्र सलतं. नव्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो. वायरिंग माझं, सही परवानाधारक ठेकेदाराची, आणि त्या सहीचे पैसे त्याचे. भाच्याला सांगा, आयटीआय पूर्ण कर आणि पाठोपाठ तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा परवाना काढ. मी ते केलं नाही, म्हणून कळकळीने सांगतोय.

कुर्ला
बॅचमध्ये आम्ही तिघीच मुली होतो. सोसायटीत गेले की वॉचमन विचारतो, "मिस्त्री कुठेय?" पण एकदा काम बघितलं की बायका मलाच बोलावतात, घरात एकट्या असताना त्यांना बरं वाटतं. महिन्याला 22,000 ते 28,000 सुटतात, पीएफ काही नाही.

भांडुप
लालबागच्या दादांशी सहमत. मी सुपरवायझरचा परवाना काढला, तेव्हा त्याच कंपनीत 19,000 चे 31,000 झाले. भाच्याला घेऊन रविवारी साइटवर या, डीबी (इमारतीची वीज वाटणारी पेटी) उघडून दाखवतो.