भूतगाड्यांना ‘नुसता बग’ म्हणून मोकळं होऊ नका

डोंगरवेडा:
काल एकाने लिहिलं की ‘जीटीए: सॅन अँड्रियास’ या गेममधल्या बॅक ओ बियाँड जंगलात चालकाशिवाय घरंगळणाऱ्या भूतगाड्या हा साधा बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, आहे आणि त्यावर थिअऱ्या रचणारे रिकामटेकडे. डोक्यातच गेलं. गाडी का सुटते ते मलाही कळतं: उतारावर उभी आहे, हँडब्रेक नाही, आपण जवळ गेलो की ती तयार होते आणि घरंगळते. पण गाडी कुठली ठेवलीय ते बघा ना! गेममध्ये रस्त्यावर धडधाकट धावणाऱ्या ग्लेनडेल गाडीचं मोडकं, चेपलेलं मॉडेल कुणीतरी वेगळं बनवलं आणि नेमकं या निर्मनुष्य जंगलात, झाडांमध्ये, उतारावर आणून ठेवलं. हे आपोआप होत नाही. गेममधल्या गँट ब्रिज पुलाच्या मनोऱ्याच्या टोकावर ‘इथे काही दडलेलं नाही, चालते व्हा’ अशी पाटी लावणाऱ्या लोकांना आपण काय शोधत फिरणार हे पक्कं ठाऊक होतं. त्या जंगलात काहीतरी घडून गेलंय हे त्यांना सांगायचंच होतं.

लूपमास्तर:
मोडकं मॉडेल सॅडलर पिकअपचंही आहे. तिथे कुणाचं भूत? खेडेगाव दाखवायचं म्हणून भंगार गाड्या बनवल्या, संपला विषय. प्लेस्टेशन २ ला ३२ एमबी मेमरी, त्यात तीन शहरं बसवली. जंगल रिकामं राहणारच. टेरी डोनोव्हन तेव्हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारचा प्रमुख होता, त्यानेच त्या जंगलात बिगफूट, म्हणजे तो अफवेतला केसाळ महाकाय प्राणी, नाही म्हणून सांगून टाकलं होतं.

सहा नंबर:
मी बिगफूट पाहिलाय. २००६, एसटी स्टँडमागचा सायबर कॅफे, तासाला पंधरा रुपये. गेममधल्या चिलियाड डोंगराच्या खालच्या बाजूला, धुक्यात, पाठमोरा. मी गाडीतून उतरलो तर तो वळला. हेडफोन टाकून पळालो होतो. डोनोव्हन काहीही म्हणू दे.

लूपमास्तर:
मॉड होता तो, कुणीतरी गेममध्ये बाहेरून घातलेला बदल. पीसीवर ढिगाने मिळायचे.

सहा नंबर:
तुम्ही होतात का तिथे? दहावीचं वर्ष, वडिलांचा मार खाऊन मी तिथे जायचो. माझ्या डोळ्यांना खोटं पाडायचं काम नाही.

काउंटरवाला:
भांडू नका. मी कॉलेजात असताना अशाच एका कॅफेत काउंटरवर बसायचो. मालकाने सीडीवरून मॉड आणला आणि एकाच मशीनवर टाकायला लावला. पोरांना सांगायचं नाही, अशी ताकीद. त्या मशीनसाठी रांग लागायची, तासाला पाच रुपये जास्त. मी ते पैसे घेतलेत आणि आज त्याची लाज वाटते. खिडकीकडचं मशीन होतं, पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग.

डोंगरवेडा:
अरे, विषय ग्लेनडेलचा आहे! बिगफूट कुठून घुसवला?

सहा नंबर:
आमचा कॅफे वेगळा असणार. पण... मला तो फक्त सहा नंबरवरच दिसला. बाकीच्या मशीनवर महिनाभर शोधला. आणि सहा नंबरला वीस रुपये पडायचे, ते एसीजवळ आहे म्हणून, असं मालक सांगायचा.

लूपमास्तर:
मग झालं की.

डोंगरवेडा:
झालं कसं? २०१३ ला जीटीए पाचमध्ये बिगफूट म्हणून कातडं पांघरलेला माणूस दिला, तेव्हाही तुमच्यासारखे म्हणाले संपलं. मग २०१४ च्या नव्या आवृत्तीत सोनेरी पेयोटी, म्हणजे निवडुंग, निघाल्या! गेम शंभर टक्के पूर्ण, ठरलेला वार, ठरलेलं हवामान, तरच खाऊन बिगफूट होता येतं, आणि त्या मागावर शेवटी ‘बीस्ट’ नावाचा राक्षसी प्राणी भेटतो. वेडे ठरवलेल्या लोकांनी चिवटपणे शोधलं म्हणून ते सापडलं.

लूपमास्तर:
पेयोटीचं मान्य. ते मुद्दाम लपवलेलं होतं, आणि शोधणाऱ्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण तेही लोकांनी गेमच्या फायली उकलून पक्कं केलं. सॅन अँड्रियासच्या फायली इतकी वर्षं उघड्या आहेत, ग्लेनडेलमागे त्यात काही नाही.

डोंगरवेडा:
फायलीत गोष्ट नसेल, जागेत आहे. रात्री एकटे जा, इंजिन बंद करून उभे राहा आणि ती गाडी झाडातून तुमच्याकडे येताना बघा. मग बोलू.

सहा नंबर:
काउंटरवाले, त्या मॉडची फाईल आहे का अजून तुमच्याकडे? मला तो एकदा परत बघायचाय.