एचएमटी जवान: डायल न बदलता मशीन नीट करणारं कोल्हापुरात कोणी आहे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या थोरल्या चुलत्यांचं एचएमटी जवान घड्याळ माझ्याकडं आलंय. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, गाव आमचं सैनिक टाकळी. कँटीनमधनं घेतलेलं हे घड्याळ पेन्शनवर आल्यावरही शेतात जाताना त्यांच्या हातात असायचं. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हा ते ट्रंकेत होतं. काकींनी चिखल धुऊन, पुसून डब्यात ठेवलं; आत काय झालंय ते कुणी उघडून बघितलंच नाही. या दिवाळीत त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

मशीन चावीचं, 17 ज्वेल म्हणजे दगडांचं, आत 0231 हा मशीनचा नंबर लिहिलाय. पूर्ण चावी दिली की सहा-सात तास चालतं, तेही डायल वर करून ठेवलं तर. मनगटावर घातलं की अडखळतं. चावीची दांडी गंजून बारीक झालीय, काटे फिरवताना निसटते. वरच्या किल्लीच्या चाकावर आणि दोन स्क्रूंवर गंज दिसतो. बॅलन्स (मागंपुढं हलून वेळ राखणारं चाक) मात्र मोकळा हलतो, म्हणून आशा आहे.

दोन घड्याळजींना दाखवलं. एक म्हणाले, खोलायला नको, वरनंच तेल सोडू. गंज आत ठेवून तेल घातलं तर त्याची पूड तेलात मिसळून पिव्हट (चाकांच्या आसांची टोकं) आणि ती ज्यात फिरतात ते दगड घासणार, म्हणून मी परत आणलं. दुसरे सगळं खोलायला तयार होते, पण सोबत डायल नवी रंगवून आणि केसला पॉलिश मारून! डायलवर सहाच्या आकड्याजवळ तांबूस डाग आहे, बाकी ‘जवान’ ही अक्षरं आणि आतले 13 ते 24 चे बारीक आकडे शाबूत आहेत. रंगवलेल्या डायलची जवान बाजारात ढिगानं मिळतात. अक्षरं पसरलेली, आकड्यांची जाडी कमीजास्त. तो डाग आमच्या घरात आलेल्या पुराचा आहे. तो मला तसाच ठेवायचाय.

केंद्रानं जानेवारी 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळं नवे सुटे भाग कंपनीकडनं मिळतील असं वाटत नाही. एचएमटीच्याच ‘जनता’ मॉडेलमध्येही 0231 मशीन येतं. मग एखादं जुनं जनता घेऊन त्यातली दांडी आणि चाक काढावं का? अख्खं मशीनच बदल असं एकानं सुचवलं, पण आबांनी रोज चावी दिली ती याच मशीनला, ते मला बदलायचं नाही. दांडी उद्यमनगरात लेथवर करून मिळेल का? तिथं काय वाटेल ते घडवून देतात, पण एक मिलिमीटरपेक्षा बारीक आटे पाडून देणारं कोणी माहीत आहे का?

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, बेळगाव, कुठंही येईन. मशीन पूर्ण सुटं करून, धुऊन, टायमिंग मशीनवर (घड्याळ किती पुढं-मागं जातं ते दाखवणारं यंत्र) लावून देणारा माणूस सुचवा. स्वतः काम करून घेतलं असेल तर खर्च किती आला तेही सांगा. घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त झाला तरी चालेल.

पावसाळ्याआधी काम व्हावं असं वाटतंय, आपल्याकडच्या दमट हवेत गंज वाढतच जाणार. तोवर चावी देणं बंद केलंय आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलंय. आणखी काही काळजी घ्यायला हवी का?