मदत हवी आहे: चिनी बायकांची हाडं आणि रक्तातले मार्कर

बायोकेमवाले कोणी आहेत का इथे? सेमिनारसाठी चिनी महिलांवरचे पेपर वाचतेय, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि रक्तात सीटीएक्स म्हणजे हाड झिजण्याचा मार्कर आणि पी१एनपी म्हणजे हाड बनण्याचा, दोन्ही वाढतात इथपर्यंत कळलं. पण बनण्याचा पण वाढतोय तर मणक्याची, खुब्याची घनता कमी का होते? झीज जास्त, भर कमी, एवढंच ना? आणि सीटीएक्स खाल्ल्यावर खाली येतो म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतात, मग ज्या पेपरात सॅम्पलची वेळच दिली नाहीये ते तुलनेत धरायचे का, मला तर नाही पटत. ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) निदान शेवटी डेक्सावरच (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे), टी-स्कोअर (तरुण निरोगी माणसाच्या घनतेशी तुलना) उणे २.५ किंवा खाली, मग मार्कर फक्त औषध लागू पडतंय का बघायला? सोप्या भाषेत सांगा प्लीज