पालेंके: पिरॅमिडच्या पोटात एवढी मोठी शवपेटी गेली कशी?

रानवाटा: मेक्सिकोतल्या पालेंके या माया लोकांच्या प्राचीन शहराबद्दल वाचतेय. तिथल्या शिलालेखांच्या मंदिराखाली पाकाल राजाचं थडगं आहे, शवपेटीचं झाकणच जवळपास 3.8 मीटर लांब आणि 2.2 मीटर रुंद, आणि खाली जाणारा जिना तर एवढुसा, मग हे धूड उतरवलं कुठून? शिवाय झाकणावर रॉकेट चालवणारा माणूस आहे असे व्हिडिओ सारखे येतात, त्यात काही तथ्य?

जुनादगड: उतरवलंच नाही हो! आधी खोली आणि पेटी, मग त्यावर पिरॅमिड चढवला. पाकाल 683 मध्ये वारला, मंदिर पुढे त्याच्या मुलाने पूर्ण केलं. नंतर जिना दगडमातीने गच्च भरून टाकलेला. 1940 च्या दशकाच्या शेवटी पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूझ यांना मंदिराच्या फरशीत एक मोठी लादी दिसली, तिला भोकं आणि त्यात दगडी बुचं, आणि भिंती फरशीच्या खालीही जाताना दिसत होत्या, म्हणजे खाली काहीतरी आहे हे त्यांनी तिथंच ताडलं. भराव उपसायला काही हंगाम गेले, थडगं उघडलं 1952 मध्ये. जिन्याच्या कडेने थडग्यापासून वरपर्यंत एक दगडी पोकळ नळी नेलीय, राजाचा वरच्या जगाशी संबंध राहावा म्हणून असं मानतात. मला तर सगळ्यात भारी तीच वाटते.

मुसाफिर: रॉकेटचं साफ विसरा. ते चित्र मुद्दाम आडवं करून दाखवतात, उभं धरून बघा. खाली पाताळाचा जबडा, त्यावर मागे रेललेला राजा, त्याच्या मागून वर जाणारं क्रुसासारखं विश्ववृक्षाचं झाड, शेंड्यावर पक्षी. पेटीच्या बाजूंवर त्याचे पूर्वज फळझाडांसोबत जमिनीतून उगवताना कोरलेत, नावांसकट! एवढं स्वच्छ लिहून ठेवलेलं असताना श्रेय परग्रहवाल्यांना द्यायचं याचा खरंच राग येतो.

रानवाटा: धन्यवाद दोघांना! आणि छताचं काय, खरी कमान नसताना टिकलं कसं?

जुनादगड: दोन्ही बाजूंनी एकेक थर थोडा पुढे काढत वर मिटवायचं, आपल्या यादवकालीन देवळांच्या छतात असतं तेच तत्त्व. यात भिंती जाड आणि खोल्या चिंचोळ्या होतात, पण पालेंकेवाल्यांनी दोन खोल्या पाठीला पाठ लावून मधली भिंत सामाईक ठेवली आणि बाहेरून छप्पर उतरतं केलं, म्हणजे वजन कमी, त्यामुळे दारं रुंद ठेवता आली आणि आत उजेड आला. छतावरची जाळीदार दगडी भिंतही त्या मधल्या भिंतीवरच पेललेली. तिथं गेलात तर राजवाड्याशेजारून ओतुलुम ओढा दगडी छताच्या बोगद्यातून वळवलाय तोही चुकवू नका.