सर्गेई वोल्कोन्स्की: हिरो म्हणायचं का या माणसाला?

चांदणवेल:
डिसेंबर १८२५ च्या रशियन उठावावर वाचत होते, त्यात या प्रिन्स वोल्कोन्स्कीवर अडकले. जन्म १७८८, अतिशय बडं घराणं, आई थेट राजमातेच्या दरबारात, नेपोलियनशी लढून २४ व्या वर्षी मेजर जनरल. आणि हा माणूस झारशाही आणि भूदासपद्धत मोडायला निघालेल्या गुप्त मंडळात सामील होतो, पकडला जातो, आधी मृत्युदंड मग सक्तमजुरी, आणि ३० वर्षं सैबेरियात काढतो. १८१२ साली झारने विचारलं, लोकांचं मनोबल कसं आहे, तर म्हणे एकेक शेतकरी वीर आहे, पण उमरावांमध्ये मी जन्मलो याची लाज वाटते. झारच्या तोंडावर असं बोलायला छाती लागते. माझ्या मते तो हिरोच.

गडकोट:
अजिबात पटलं नाही. तो झारला जे बोलला ते त्याच्याच आठवणींतलं, हे आधी लक्षात घ्या. आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा काय केलं? युक्रेनमधल्या उमानला हा ब्रिगेडचा कमांडर, हाताखाली फौज. डिसेंबर अखेरीस त्याच दक्षिण भागात चेर्निगोव्ह रेजिमेंट उठली, पाच-सहा दिवस एकटी झुंजली आणि ३ जानेवारीला चिरडली गेली, हे साहेब जागचे हलले नाहीत. पुढे त्या रेजिमेंटच्या सैनिकांना रांगेतून पळवत फटके मारले, कित्येकांना कॉकेशसच्या लढाईवर धाडलं. त्यांची नावं कोणाला माहीत आहेत? प्रिन्सचं घर मात्र सैबेरियात इर्कुत्स्कला म्युझियम म्हणून जपलंय.

चांदणवेल:
सैनिकांचं म्हणता ते खरंय, मला त्याचा त्रास होतोच. पण ब्रिगेड हलवून काय झालं असतं? दक्षिणेतल्या मंडळाचा पुढारी पेस्तेल, त्याला तर १४ डिसेंबरच्या आधीच अटक झाली होती, त्या दिवशीचा पीटर्सबर्गचा उठाव तोफांनी एका दिवसात संपवला होता. अजून काही हजार शेतकऱ्यांची पोरं मेली असती, एवढंच.

गडकोट:
मग कटात शिरतानाच हा हिशोब करायचा ना! तसंच पत्नीचं. मारिया रायेव्स्काया, लग्नाच्या वेळी १९ ची, हा ३६ चा, आणि तिला कटाचा पत्ताच नाही. २ जानेवारीला बाळ झालं, काही दिवसांतच नवरा तुरुंगात. तान्हं बाळ मागे ठेवून ती सैबेरियाला गेली, ते जेमतेम दोन वर्षांचं असताना वारलं. आणि कौतुक कोणाचं करायचं, त्याचं?

रानपाखरू:
मध्येच बोलते. मारिया नवऱ्याच्या सक्तमजुरीच्या जागी, ब्लागोदात्स्कच्या खाणीवर पोचली तेव्हा नवऱ्याला मिठी मारायच्या आधी गुडघ्यावर बसून तिने त्याच्या पायातल्या बेड्यांना ओठ लावले, हे तिने स्वतः लिहिलंय. तिथे जाणाऱ्या बायकांना उमरावपणाचे हक्क सोडायला लागायचे आणि तिकडे झालेली मुलं सरकारी कुळं म्हणून नोंदली जाणार अशी लेखी अट होती, तरी सही केली तिने. तिला बिचारी म्हणू नका, निर्णय तिचा होता.

चांदणवेल:
हो, आणि माझ्यासाठी वोल्कोन्स्की मोठा होतो तो सुटकेनंतर. सक्तमजुरी संपल्यावर इर्कुत्स्कजवळ उरिक गावात त्याने खरीखुरी शेती केली, गावच्या शेतकऱ्यांत बसणं-उठणं. पुढे मारियाच्या घरी शहरातले बडे लोक जमायचे तेव्हा हा दाढीत गवताच्या काड्या, कपड्याला डांबराचा वास, तसाच येऊन उभा राहायचा. उठाव फसला तरी ज्यांच्यासाठी केला त्यांच्यात राहिला, हे कितीजणांना जमतं?

गडकोट:
शेतीचं मान्य, ते मला माहीत नव्हतं. पण हद्दपार माणसाला दुसरा पर्याय काय होता?

चांदणवेल:
होता की! बायकोच्या दिवाणखान्यात कोट घालून बसायचं. बाकी बरेच जण तसेच राहिले. १८५६ ला माफी मिळाली तेव्हा प्रिन्सची पदवी मुलांना परत दिली, त्याला नाही, आणि आठवणी लिहिताना तो म्हातारा अटकेनंतर झार निकोलसने घेतलेल्या पहिल्या जबानीपर्यंत पोचला आणि १८६५ ला गेला. तुमच्या उमानच्या प्रश्नाचं उत्तर त्या पुढच्या पानांत आलं असतं की नाही, मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.